उकळूनही न जाणारे नायट्रेट : विहिरीचे पाणी आणि घरातले तान्हे बाळ

"डॉक्टर, पाणी आम्ही उकळूनच देतो हो बाळाला."

काही वर्षांपूर्वी एका आजींनी मला हे सांगितले, तेव्हा त्यांच्या मांडीवर सात आठवड्यांची नात होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. अंगावरचे दूध बाळाला पुरत नाही असे घरातल्यांना वाटले, म्हणून पावडरचे दूध सुरू केले होते. पाणी शेतातल्या विहिरीचे, नितळ आणि चवीला गोड. आजी ते रोज सकाळी चांगले वीस मिनिटे उकळायच्या आणि दिवसभर तेच दुधासाठी वापरायच्या. बाळाला ताप नव्हता, खोकला नव्हता. फक्त दोन दिवसांपासून ओठ आणि नखे काळपट-निळसर दिसत होती.

ऑक्सिमीटरवर ८६ आकडा आला. ऑक्सिजन लावला, तरी आकडा हलला नाही. मला हृदयातल्या जन्मजात दोषाची शंका आली आणि मी त्यांना तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी रक्त काढले, तर ते लाल नव्हते, चॉकलेटसारखे तपकिरी होते. त्यांनी लगेच विचारले, "दुधात पाणी कुठलं घालता?" हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. औषध मिळाल्यावर बाळ बरे झाले आणि थोड्याच दिवसांत घरी आले. नंतर विहिरीचे पाणी तपासले, त्यात नायट्रेट मर्यादेच्या तिपटीहून जास्त निघाले.

आजींनी काळजी घेण्यात कसूर केली नव्हती. "पाणी उकळून प्या" हे आम्ही डॉक्टरच वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. जंतूंच्या बाबतीत तो सल्ला आजही बरोबर आहे. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट थोडे वाढते, हे आम्ही पुरेसे सांगितले नाही. तुमच्या घरात विहिरीचे, बोअरचे किंवा हातपंपाचे पाणी प्यायले जात असेल, आणि घरात गरोदर बाई किंवा सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

नायट्रेट म्हणजे काय आणि ते विहिरीत येते कुठून?

शेतकरी ज्याला नत्र म्हणतात, म्हणजे नायट्रोजन, त्याचे पाण्यात सहज विरघळणारे एक रूप म्हणजे नायट्रेट. पिकाला ते हवेच असते. जमिनीत थोडेफार नायट्रेट नैसर्गिकरीत्या असतेच. प्रश्न येतो तो पिकाने उचलून उरलेल्या नायट्रेटचा.

नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. पावसाचे किंवा पाटाचे पाणी खाली मुरते, तेव्हा त्याच्याबरोबर तेही खाली जाते. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या कातळावर वसलेला आहे. या कातळात भेगा असतात आणि त्या भेगांतूनच विहिरीला झरे लागतात. जिथून पाणी येते तिथूनच त्यात विरघळलेले सगळे येते.

मुख्य वाटा तीन आहेत :

• खते : युरियात ४६ टक्के नत्र असते. एक किलो युरियातले सगळे नत्र नायट्रेटमध्ये बदलले तर सुमारे दोन किलो नायट्रेट तयार होते. आणि एक किलो नायट्रेट सुमारे २२ हजार लिटर पाण्याला पिण्याच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला पुरते. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर थोडे. पिकाच्या मुळांना न मिळालेला थोडासा युरियासुद्धा विहिरीला का जड जातो, ते यावरून कळेल.

• शेण, मूत्र आणि उकिरडा : गोठ्यातले मूत्र, उघडा उकिरडा, कोंबड्यांचे खत यांतूनही जमिनीत नत्र मुरते. विहिरीच्या काठालाच गोठा असेल, तर युरियाची एक गोणीही न वापरता पाण्यात नायट्रेट वाढू शकते.

• शौचालयाचे खड्डे आणि सांडपाणी : शोषखड्डा किंवा गळणारी सेप्टिक टाकी विहिरीच्या जवळ असेल, तर त्यातून नायट्रेट आणि जंतू दोन्ही येतात.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी गढूळ होत नाही, भांड्यावर पांढरा थर बसत नाही, डाळ शिजायला वेळ लागत नाही. "आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं आहे" हे खरे असू शकते आणि त्याच पाण्यात नायट्रेट दीडशेही असू शकते. तपासणीशिवाय ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

किती नायट्रेट चालते?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. काही घटकांच्या बाबतीत, दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर मानकात थोडी सूट दिलेली आहे. नायट्रेटला तशी कोणतीही सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे.

केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या वार्षिक अहवालानुसार देशातल्या भूजलाच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुने या मर्यादेच्या वर होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे जिल्हे त्यात ठळकपणे दिसतात.

याचा अर्थ या जिल्ह्यांतली प्रत्येक विहीर खराब आहे असा नाही आणि इतर जिल्ह्यांतली प्रत्येक विहीर चांगली आहे असाही नाही. एकाच गावात एका विहिरीत २० आणि दोनशे पावलांवरच्या दुसऱ्या विहिरीत १२० असे आढळू शकते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या विहिरीचा रिपोर्ट तुमच्या उपयोगाचा नाही. तुम्ही पिता त्याच पाण्याचा रिपोर्ट हवा.

शरीरात नेमके काय होते?

नायट्रेट स्वतः फारसे विषारी नाही. मोठ्या माणसाच्या शरीरातून त्याचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. पण तोंडातले आणि आतड्यातले काही जंतू नायट्रेटचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात आणि त्रास होतो तो या नायट्राइटमुळे.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवते. या कामासाठी त्यातले लोह एका ठरावीक रूपात असावे लागते. नायट्राइट त्या लोहाचे रूपच बदलते. अशा बदललेल्या हिमोग्लोबिनला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. ते ऑक्सिजन उचलू शकत नाही. शिवाय जे चांगले हिमोग्लोबिन उरते, तेही आपल्याजवळचा ऑक्सिजन शरीराला सहज सोडत नाही. परिणाम असा की छाती हलत असते, फुफ्फुसात हवा जात असते, आणि तरीही शरीराला ऑक्सिजन कमी पडतो.

निरोगी माणसातही सुमारे एक टक्का मेथहिमोग्लोबिन असते. आपल्या तांबड्या पेशींतले एक विकर ते सतत दुरुस्त करत असते, म्हणून त्याचा त्रास होत नाही. हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले की त्वचा निळसर दिसू लागते. वीस-तीस टक्क्यांच्या पुढे धाप, डोकेदुखी, थकवा सुरू होतो. पन्नास टक्क्यांच्या वर झटके आणि बेशुद्धी येऊ शकते, आणि सत्तरच्या आसपास जीव वाचणे कठीण होते.

तान्ह्या बाळांनाच जास्त धोका का?

सहा महिन्यांच्या आतल्या, त्यातही पहिल्या तीन-चार महिन्यांच्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त असतो. कारणे अशी :

१. दुरुस्ती करणारे ते विकर या वयात मोठ्यांच्या निम्म्याच ताकदीचे असते.

२. बाळाच्या जठरात आम्ल कमी असते, त्यामुळे नायट्राइट तयार करणारे जंतू तिथे सहज वाढतात. जुलाब झाले असतील तर आणखीनच.

३. नवजात बाळाच्या रक्तातले हिमोग्लोबिन थोड्या वेगळ्या प्रकारचे असते आणि नायट्राइटमुळे ते लवकर बदलते.

४. वजनाच्या मानाने बाळाच्या पोटात पाणी जास्त जाते. वरच्या दुधावर असलेले चार किलोचे बाळ दिवसाला सुमारे ६०० मिलिलिटर दूध पिते. म्हणजे किलोमागे दीडशे मिलिलिटर. साठ किलोचा माणूस दिवसाला तीन लिटर पाणी प्याला तरी ते किलोमागे ५० मिलिलिटरच होते.

हा आजार पहिल्यांदा स्पष्टपणे ओळखला गेला तो अमेरिकेत. १९४५ साली आयोवा राज्यातल्या हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी शेतावर राहणाऱ्या दोन बाळांची हकिगत प्रसिद्ध केली. दोघांचेही दूध विहिरीच्या पाण्यात केलेले होते आणि दोघेही निळी पडली होती. त्यानंतर तिथे अशा नोंदी गोळा करण्यात आल्या. १९५१ पर्यंत २७८ बाळे सापडली, त्यांतली ३९ दगावली होती. ज्या विहिरींच्या पाण्याचे आकडे उपलब्ध होते, त्यांत सध्याच्या मर्यादेखालच्या पाण्याने आजारी पडलेले एकही बाळ नव्हते. आजची मर्यादा मुळात या बाळांमुळे ठरली.

कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये?

• ओठ, जीभ, नखे किंवा तोंडाभोवतीची त्वचा निळसर, राखाडी किंवा काळपट दिसणे. सावळ्या बाळात हे त्वचेवर चटकन कळत नाही, म्हणून ओठांच्या आत, हिरड्यांवर आणि जिभेवर दिवसाच्या उजेडात पाहा.

• दूध ओढताना दमणे, धाप लागणे.

• बाळ मलूल होणे, नेहमीपेक्षा जास्त झोपणे किंवा सतत किरकिर करणे.

• झटके येणे, शुद्ध हरपणे.

बाळाचे ओठ आणि जीभ निळसर दिसत असतील तर कारण कोणतेही असो, ती तातडीची स्थिती आहे. घरगुती उपाय करत बसू नका, सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने बालरोगतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठा. विहिरीच्या पाण्यात केलेले दूध तेव्हापासूनच बंद करा.

दवाखान्यात पोचल्यावर एक गोष्ट स्वतःहून सांगा : "बाळाला वरचं दूध देतो आणि त्यात विहिरीचं पाणी घालतो." हे एक वाक्य डॉक्टरांचा बराच वेळ वाचवते. या आजारात नेहमीचे ऑक्सिमीटर फसवे असते. मेथहिमोग्लोबिन वाढले की त्याचा आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो आणि त्यावरून खरी तीव्रता कळत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. गरज पडल्यास मिथिलीन ब्लू नावाचे औषध शिरेतून देतात आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत रंग सुधारू लागतो. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना हे औषध चालत नाही. घरात कोणाला ही कमतरता असल्याचे माहीत असेल तर तेही आवर्जून सांगा.

मोठ्या माणसांचे काय?

निरोगी प्रौढ माणूस थोड्या जास्त नायट्रेटच्या पाण्याने निळा पडत नाही. म्हणूनच "आम्ही जन्मभर हेच पाणी पितो, आम्हाला काय झालं?" हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे.

गरोदरपण : गरोदर स्त्रीच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते आणि आपल्याकडे पुष्कळ गरोदर बायकांत हिमोग्लोबिन आधीच कमी असते. काही अभ्यासांत जास्त नायट्रेटचे पाणी आणि बाळातले काही जन्मजात दोष यांचा संबंध दिसला आहे. तो ठामपणे सिद्ध झालेला नाही. तरीही गरोदरपणात मर्यादेत असलेले पाणीच प्यावे, असे मी सांगतो. पाणी बदलण्यात नुकसान काहीच नाही.

थायरॉइड : थायरॉइड ग्रंथी आयोडीन ज्या वाटेने आत घेते, त्याच वाटेवर नायट्रेट अडथळा आणते. आहारात आयोडीन पुरेसे असेल तर सहसा याचा त्रास जाणवत नाही. म्हणून आयोडीनयुक्त मीठच वापरा.

कर्करोग : पोटात नायट्राइटपासून काही विशिष्ट संयुगे तयार होऊ शकतात आणि त्यांतली काही प्राण्यांमध्ये कर्करोग घडवतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, शरीरात अशी संयुगे बनतील अशा परिस्थितीत पोटात गेलेल्या नायट्रेट-नायट्राइटला "बहुधा कर्करोगकारक" गटात ठेवले आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख लोकांची माहिती तपासणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाण्यातले नायट्रेट मर्यादेच्या आत असतानाही, जास्त नायट्रेट पिणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण थोडे अधिक आढळले. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय तंबाखू, दारू यांच्या तुलनेत हा धोका लहान आहे. तेव्हा घाबरून जाऊ नका, पण "मोठ्यांना काहीच होत नाही" असेही समजू नका.

उकळणे, तुरटी, फिल्टर : कशाने नायट्रेट जाते?

उकळल्यावर पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यातच राहते. समजा तुमच्या पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. ते एक लिटर पाणी उकळून पाऊण लिटर उरले, तर त्याच पाण्याचे प्रमाण लिटरला सुमारे ५३ मिलिग्रॅम होते. म्हणजे मर्यादेच्या बाहेर. जितके जास्त आटवाल तितके प्रमाण वाढेल.

यांनी नायट्रेट जात नाही :
• उकळणे
• तुरटी फिरवणे
• क्लोरीनचे द्रावण किंवा ब्लीचिंग पावडर
• फडक्याने गाळणे, कँडल फिल्टर
• साधा कोळशाचा फिल्टर, अतिनील किरणांचा फिल्टर
• माठात किंवा तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवणे

यांनी नायट्रेट कमी होते :
• आरओ यंत्र, मेम्ब्रेन वेळेवर बदलले असेल तरच. यंत्र बसवले म्हणजे काम झाले असे नाही. वर्षातून एकदा यंत्रातून बाहेर येणारे पाणी तपासा.
• नायट्रेटसाठी बनवलेली आयन-विनिमय यंत्रणा. ही सहसा गावपातळीवर बसवतात.
• पाण्याचा स्रोतच बदलणे. धरणावरून येणाऱ्या नळयोजनेच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमी असते. छपरावरून नीट गोळा केलेल्या पावसाच्या पाण्यातही ते फार कमी असते.

एक धोक्याची सूचना : हे वाचून उकळणे बंद करू नका. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांपासून उकळणेच वाचवते, आणि बाळाला जुलाब झाले तर नायट्रेटचा त्रासही वाढतो. आधी नायट्रेट कमी असलेले पाणी निवडा आणि मग ते उकळा. उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटे पुरतात. वीस मिनिटे आटवत बसू नका.

पाणी कुठे आणि कसे तपासायचे?

गावपातळीवर ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचे क्षेत्रीय संच असतात. ते वापरण्याचे प्रशिक्षण गावातल्याच महिलांना दिलेले असते. जलसुरक्षक किंवा आशाताईंकडे चौकशी करा. या संचात रंग जुळवून अंदाजे प्रमाण कळते. आकडा मर्यादेजवळ किंवा वर आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही तालुक्यांत शासनाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत.

नमुना घेताना :
• एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळा आणि मग भरा.
• हातपंप किंवा मोटर काही मिनिटे चालवून मग नमुना घ्या.
• बाटलीवर विहीर कोणाची, तारीख, वेळ लिहा. उन्हात न ठेवता शक्यतो त्याच दिवशी पोचवा.
• जंतूंच्या तपासणीसाठी वेगळी निर्जंतुक बाटली लागते, ती प्रयोगशाळेतूनच घ्या.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर, तपासणी करणे चांगले. पावसाच्या पाण्याबरोबर साचलेले नायट्रेट खाली उतरते, त्यामुळे मेमध्ये चांगला निघालेला आकडा ऑक्टोबरमध्ये बदललेला असू शकतो.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट पाहा. काही प्रयोगशाळा आकडा "नायट्रेट" म्हणून देतात, तर काही "नायट्रेट-नायट्रोजन" म्हणून. पहिल्याची मर्यादा ४५ आहे. दुसऱ्या पद्धतीत तीच मर्यादा सुमारे १० होते. "नायट्रेट-नायट्रोजन २०" असे लिहिलेले असेल तर "४५ पेक्षा कमीच आहे" म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या आकड्याला ४.४ ने गुणा, म्हणजे ८८. ते पाणी मर्यादेच्या जवळपास दुप्पट आहे.

घरात तान्हे बाळ असेल तर

• पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. आईच्या पिण्याच्या पाण्यातले नायट्रेट दुधात साठून वाढत नाही, त्यामुळे आईचे दूध बाळाला या आजारापासून वाचवते. आईने विहिरीचे पाणी प्यायले म्हणून अंगावर पाजणे बंद करू नका.

• दूध पुरत नाही असे वाटले तर आधी आशाताई, परिचारिका किंवा डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा बाळाला नीट धरले आणि वारंवार पाजले की दूध वाढते. बाळ दिवसाला सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे.

• उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. गुटी उगाळून देऊ नका. मध, साखरपाणी नको. चमचा-चमचा करत दिवसभरात बरेच पाणी पोटात जाते.

• वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावेच लागत असेल, तर ते नायट्रेट तपासलेल्या पाण्यातच करा. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात पाणी घालण्याची पद्धत असेल तर हाच नियम तिथेही लागू होतो.

• पालक, बीट यांचे सूप किंवा पेज सहा महिन्यांच्या आत देऊ नका. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना भाजी ताजी शिजवून लगेच भरवा, उरलेली ठेवून पुन्हा देऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

या पाण्याने अंघोळ केली, कपडे धुतले तर चालेल का?
हो. नायट्रेट त्वचेतून शरीरात जात नाही. बाळाला अंघोळ घाला, फक्त ते पाणी पोटात जाऊ देऊ नका.

स्वयंपाकाला वापरले तर?
भात, वरण, आमटी यांत पाणी अन्नातच राहते, म्हणून त्यातले नायट्रेटही राहते. प्रमाण मर्यादेच्या खूप वर असेल तर स्वयंपाकालाही दुसरे पाणी घ्या. निदान गरोदर बाईसाठी आणि बाळासाठी तरी नक्कीच.

पालेभाज्यांतही नायट्रेट असते म्हणतात, मग त्या सोडाव्यात का?
मोठ्यांनी अजिबात सोडू नयेत. भाजीबरोबर क जीवनसत्त्व आणि इतर घटकही मिळतात आणि घातक संयुगे तयार होण्याला तेच अडवतात. पाण्याबरोबर हे संरक्षण मिळत नाही.

ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले आहे, मग काळजी कशाची?
ते कार्ड मुख्यतः स्रोताच्या परिसराची स्वच्छता आणि जंतूंचा धोका पाहून दिले जाते. नायट्रेटचा आकडा वेगळा विचारा.

गुरांना हे पाणी चालेल का?
गाई-म्हशींच्या पोटातले जंतू नायट्रेटचे नायट्राइट लवकर बनवतात, त्यामुळे फार जास्त प्रमाण त्यांनाही बाधते. आकडा खूप वर असेल तर पशुवैद्यकांना विचारा.

विहीर सुधारता येते का?

येते, पण एका पावसाळ्यात नाही. जमिनीत उतरलेले नायट्रेट निघून जायला वर्षे लागू शकतात. म्हणून नवे नायट्रेट जाणे आजच थांबवावे लागते. उकिरडा विहिरीपासून लांब आणि शक्यतो पक्क्या तळाच्या खड्ड्यात न्या. गोठ्यातले मूत्र सिमेंटच्या नालीने दूर काढा. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट असावा, आणि भेगांच्या कातळात त्याहून बराच लांब. माती परीक्षण करून पिकाला लागेल तेवढाच युरिया द्या, तोही विभागून. जोराचा पाऊस येणार असेल तेव्हा टाकू नका. वाहून गेलेला युरिया म्हणजे तुमचेच पैसे विहिरीत गेले. गावाच्या विहिरीचा आकडा जास्त असेल तर तो ग्रामसभेत मांडा आणि गावासाठी दुसरा स्रोत मागा. एकेका घराने आरओ घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

थोडक्यात

• नितळ आणि गोड पाण्यातही नायट्रेट असू शकते. तपासल्याशिवाय कळत नाही.
• मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. "नायट्रेट-नायट्रोजन" असेल तर सुमारे १०.
• उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही.
• सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचे दूध.
• बाळाचे ओठ-जीभ निळसर दिसली तर लगेच रुग्णालय, आणि तिथे पाण्याबद्दल सांगा.

सुरुवातीला सांगितलेली ती नात आता शाळेत जाते. आजी अजूनही पाणी उकळतात, पण आता ते नळयोजनेचे असते. गावात कोणाची लेक बाळंतपणाला आली की आजी त्यांच्या घरी जाऊन विचारून येतात, "पाणी तपासलंय का?" तुमच्या घरी पाळणा हलणार असेल, तर हा प्रश्न सातव्या महिन्यातच विचारा. बाळ घरी येईपर्यंत रिपोर्ट हातात असेल.